नानावटी खटल्याने ज्युरी बंद पाडली नाही

दर काही महिन्यांनी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फेरी मारून जातो. सोबत नौदलाच्या गणवेशातल्या एका देखण्या अधिकाऱ्याचा कृष्णधवल फोटो असतो. मजकुराचा गाभा असा : '१९५९ साली मुंबईत कमांडर नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. असं कळल्यावर कुठल्याही नवऱ्याचं डोकं फिरणारच, असं म्हणून ज्युरीने भावनेच्या भरात ८ विरुद्ध १ मतांनी त्याला सोडून दिलं. वर्तमानपत्रांनी ज्युरीला फितवलं होतं. न्यायाधीशाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली. या एका खटल्याने सरकारचे डोळे उघडले आणि जनतेच्या हातातला न्याय काढून घेतला गेला. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला.'

यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. आठाला एक हा आकडाही बरोबर आहे. पुढच्या प्रत्येक वाक्यात मात्र कुठे अर्धवट तर कुठे सपशेल चूक आहे. हा मजकूर फॉरवर्डपुरता असता तर सोडून दिला असता. पण स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, यूट्यूबवरच्या 'कायद्याच्या गोष्टीं'मध्ये आणि कधीकधी चांगल्या शिकलेल्या वकिलांच्या तोंडीही तो जसाच्या तसा सापडतो. या खटल्यावर सिनेमे झाले, वेबसिरीज आली, आणि शेवटी पडद्यावरची गोष्ट हाच लोकांचा इतिहास झाला. म्हणून एकेक वाक्य घेऊ. (ज्युरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देणारी, न्यायाधीश नसलेल्या नागरिकांची मंडळी.)

'या एका खटल्याने सरकारचे डोळे उघडले'

आधी तारखा बघा. त्या प्रियकराचा, म्हणजे प्रेम आहुजाचा, खून झाला २७ एप्रिल १९५९ रोजी. ज्युरी पद्धत मोडीत काढा, अशी शिफारस करणारा विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला १९५८ साली. आयोगाचे अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड, म्हणजे तेव्हाचे देशाचे महान्यायवादी आणि मुंबईच्याच वकिलीत वाढलेले गृहस्थ. इंग्लंडहून आणलेली ही पद्धत इथे रुजली नाही, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. नानावटी तेव्हा 'आयएनएस म्हैसूर'वर नोकरी करत होता आणि त्याचं नाव नौदलाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे डोळे आधीच उघडे होते. आणि तेही काही अचानक उघडले नव्हते. ज्युरीचा धाकटा भाऊ म्हणता येईल अशी 'असेसर' ही पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने आधीच गेली होती. असेसर न्यायाधीशाशेजारी बसत, आपलं मत देत, आणि ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ज्युरीची पाळी येणार हे त्याच वेळी दिसत होतं.

एक मान्य करतो. ज्युरीच्या विरोधकांना नानावटी खटल्याने आयतं उदाहरण दिलं. लाखो लोकांनी वाचलेला, प्रत्येकाच्या तोंडी असलेला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीला चूक ठरवलेला खटला हाती आल्यावर तो कोण सोडेल? पण उदाहरण मिळणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. शिफारस खुनाच्या आधीची आहे, एवढं एकच पुरेसं आहे.

याहून मोठी गोष्ट फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतच नसते. ज्युरी 'काढून घ्यायला' ती आधी हक्क म्हणून दिलेली असावी लागते. अमेरिकेच्या घटनेत ज्युरीचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या घटनेत कधीच नव्हता. आपल्याकडे ज्युरी होती ती १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २६९ मुळे. त्या कलमाचा अर्थ सरळ होता : कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यांसाठी ज्युरी बसेल हे राज्य सरकारने राजपत्रात आदेश काढून ठरवायचं, आणि हवं तेव्हा तो आदेश मागे घ्यायचा किंवा बदलायचा. एका जिल्ह्यात खुनाच्या आरोपीपुढे ज्युरी बसे आणि शेजारच्या जिल्ह्यात त्याच आरोपासाठी एकटा सत्र न्यायाधीश बसे. कुठलीही घटनादुरुस्ती न करता, एका अधिसूचनेवर ती जाऊ शकत असे.

आणि जातही असे. १८९२ साली बंगाल सरकारने खुनासह बरेच गंभीर गुन्हे ज्युरीच्या कक्षेतून एका फटक्यात काढून टाकले. कलकत्त्यात एवढा गहजब झाला की आयोग नेमावा लागला आणि दुसऱ्या वर्षी तो आदेश मागे घ्यावा लागला. स्वातंत्र्यानंतरही सरकारांची सवय तीच राहिली. बर्दवानमधल्या दुष्काळी कामांच्या अफरातफरीच्या खटल्यांत पश्चिम बंगाल सरकारने फक्त त्या आरोपींपुरती ज्युरी काढून घेतली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनेच्या कलम १४ खाली, म्हणजे समानतेच्या हक्काखाली, रद्द केला. पण न्यायालय काय म्हणालं ते नीट पाहायला हवं. गुन्ह्यांचा अख्खा वर्ग ज्युरीतून काढायचा तर काढा. मात्र त्याच जिल्ह्यात, तसल्याच गुन्ह्याच्या इतर आरोपींना ज्युरी आणि नेमक्या याच माणसांना नाही, असं निवडून करता येणार नाही. ज्युरी हा हक्क आहे असं न्यायालय म्हणालं नाही. समान वागणूक हा हक्क आहे, एवढंच म्हणालं. नानावटीच्या पाच वर्षं आधीचा हा निकाल आहे. ज्युरी सरकारच्या मर्जीवर जगत होती, हे तेव्हाच लख्ख झालं होतं.

'न्यायाधीशाने ज्युरीचा निकाल फिरवला'

न्यायाधीशाने निकाल फिरवला नाही, कारण त्याला तो अधिकारच नव्हता.

खटला चालला बृहन्मुंबईच्या सत्र न्यायाधीशांपुढे, रतिलाल मेहतांपुढे, नऊ जणांच्या खास ज्युरीच्या साहाय्याने. ज्युरीचा कौल आला : आठ जण म्हणतात निर्दोष, एक म्हणतो दोषी. मेहतांना तो कौल पटला नाही. कुठल्याही समंजस माणसांच्या गटाला या पुराव्यावर असा कौल देता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी कलम ३०७ खाली, आपली कारणं लिहून, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. शिक्षा त्यांनी दिली नाही, सोडलंही नाही.

हे कलम ३०७ समजून घेतल्याशिवाय भारतातल्या ज्युरीबद्दल काहीच समजत नाही. इंग्लंडमध्ये ज्युरीने 'निर्दोष' म्हटलं की संपलं. न्यायाधीशाने मनातल्या मनात कितीही दात-ओठ खाल्ले तरी आरोपी घरी जाई. इथे तसं कधीच नव्हतं. सत्र न्यायालयातल्या ज्युरीशी न्यायाधीश स्पष्टपणे असहमत असेल, तर तो प्रकरण वर पाठवू शकत असे. उच्च न्यायालय सगळा पुरावा तपासे, न्यायाधीशाच्या मताला आणि ज्युरीच्या मताला योग्य ते वजन देई, आणि आपला निर्णय करी. सोडलेल्या माणसाला शिक्षा करण्याचा अधिकारही त्यात आला. म्हणजे इंग्रजांनी आपली ज्युरी इथे आणली खरी, पण तिच्या गळ्यातली दोरी न्यायाधीशाच्या हातात ठेवूनच.

ती दोरी कधी ओढायची याचा दंडकही नानावटीसाठी खास तयार झालेला नाही. तो १९४६ सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हा भारताचं शेवटचं अपील जिथे चाले त्या लंडनच्या न्यायसंस्थेच्या, निकालातला आहे, रामानुग्रह सिंगच्या खटल्यातला. ज्युरीचा कौल पुराव्याकडे पाहता कुठल्याही समंजस मंडळींना देता येणं शक्य असेल, तर उच्च न्यायालयाने हात घालू नये. शक्य नसेल तर घालावा. मेहतांनी लिहिलेली भाषा जवळजवळ तीच आहे. त्यांनी नवीन काही केलं नव्हतं.

पुढे उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडली यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, जे नंतर देशाचे सरन्यायाधीश झाले. ज्युरीपुढच्या खटल्यात बचावाची धुरा कार्ल खंडालावाला यांच्याकडे होती. ११ मार्च १९६० रोजी न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी वेगवेगळी निकालपत्रं लिहून, एकमताने, नानावटीला खुनासाठी दोषी धरलं आणि जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झालं, म्हणून पुढच्या निकालाच्या शीर्षकात 'मुंबई राज्य' जाऊन 'महाराष्ट्र राज्य' आलं.

जाता जाता : उच्च न्यायालयाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली आणि नानावटीला तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहू दिलं. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना हे करता येतं का, यावर घटनापीठ बसलं आणि सप्टेंबर १९६० मध्ये चार विरुद्ध एक मतांनी 'नाही' म्हणालं. घटनेच्या दृष्टीने या प्रकरणातला खरा वजनदार निकाल हाच. त्यावर मात्र कुणी फॉरवर्ड काढत नाही.

'नवऱ्याचं डोकं फिरणारच, म्हणून सोडलं'

सगळ्यात जास्त खपलेलं आणि सगळ्यात चुकीचं वाक्य ते हेच.

नानावटीचा बचाव 'माझं डोकं फिरलं' असा नव्हताच. बचाव होता अपघाताचा. त्याचं म्हणणं असं : मी आहुजाच्या खोलीत गेलो, तू तिच्याशी लग्न करून मुलांची जबाबदारी घेणार का असं विचारलं, त्याने उर्मट उत्तर दिलं, मी रिव्हॉल्व्हर असलेलं पाकीट बाजूला ठेवलं होतं त्यावर त्याने झडप घातली, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. दंड संहितेच्या कलम ८० खाली अपघाताने घडलेली कृती गुन्हा नसते. हे पटलं तर आरोपी पूर्ण निर्दोष.

प्रक्षोभाचा मुद्दा वेगळा आहे. 'गंभीर व अचानक प्रक्षोभ' हा खुनाला अपवाद आहे, पण तो आरोपीला घरी पाठवत नाही. तो सिद्ध झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, कलम ३०२ च्या जागी ३०४ येतं, आणि शिक्षा तरीही होतेच. आता ज्युरीने काय केलं बघा. नानावटीवर दोन्ही कलमांखाली आरोप होते, ३०२ आणि ३०४ चा पहिला भाग. ज्युरीने दोन्हींतून सोडलं. प्रक्षोभ मानून दया दाखवायची असती, तर ३०४ तिच्यासमोर उघडं ठेवलेलं होतं. तिथे दोषी म्हणून नऊही जण निर्धास्त घरी जाऊ शकले असते, आणि कदाचित मेहतांनीही तो कौल वर पाठवण्याची तसदी घेतली नसती. तो रस्ता ज्युरीने घेतला नाही. मनात काय होतं ते कुणी सांगू शकत नाही, बंद दाराआडची चर्चा नोंदली जात नसे. पण कागदावर ज्युरीने मान्य केला तो अपघात.

तो मान्य करणं अवघड का होतं, हे पुराव्यातल्या एका साध्या वस्तूने दाखवलं. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आला होता, अंगावर फक्त टॉवेल. तीन गोळ्या लागून तो पडला, तरी टॉवेल कमरेला तसाच होता. जीव खाऊन झटापट झाली आणि टॉवेल जागचा हलला नाही? शिवाय नानावटीने बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमावर सोडलं, जहाजावर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजाला आधी त्याच्या ऑफिसात शोधलं, तिथे नाही म्हणून घर गाठलं. खुनानंतर इमारतीच्या चौकीदाराशी बोलला, नौदलाच्या अधिकाऱ्याला भेटला, पोलीस उपायुक्तांपुढे हजर झाला. यांतल्या कुणालाही त्याने 'अपघात झाला' असं सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं.

प्रक्षोभाचा मुद्दा बचावाने वरच्या न्यायालयांत पर्यायी म्हणून मांडला, आणि तो तिथे पडला. सर्वोच्च न्यायालयातर्फे निकाल लिहिणाऱ्या न्या. सुब्बा राव यांनी घड्याळ लावलं : दुपारी दीडला घर सोडलं, खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. या वेळात माणसाने बायकामुलांची सोय लावली, हत्यार मिळवलं, शत्रूचा पत्ता काढला. स्वतःवर ताबा मिळवायला एवढा अवधी पुरेसा होता. आजही प्रक्षोभाच्या प्रत्येक खटल्यात हा उतारा वाचला जातो. 'डोकं फिरणारच' म्हणणाऱ्या नवऱ्यांना या निकालाने काहीच दिलं नाही, उलट होतं तेही आवळलं.

'वर्तमानपत्रांनी ज्युरीला फितवलं'

रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' या मुंबईच्या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटीला डोक्यावर घेतलं होतं हे खरं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना गेला, रस्त्यावर नानावटीच्या नावाचं खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर आणि आहुजाच्या नावाचा टॉवेल विकायला आला, अशा आठवणी त्या काळच्या माणसांनी सांगितल्या आहेत. ज्युरीतली माणसं याच शहरात राहत होती, कानात बोळे घालून बसली नव्हती. परिणाम झाला असेल.

पण 'फितवलं' हा आरोप कुठल्याही न्यायालयाने केलेला नाही. उच्च न्यायालयाने ज्युरीच्या कौलावर हात घातला तो वर्तमानपत्रांच्या आधारावर नव्हे. फॉरवर्डमधून हमखास गळणारी गोष्ट पुढे आहे. न्या. शेलत यांनी ज्युरीच्या आधी न्यायाधीशाची चूक धरली.

ज्युरी खटल्यात शेवटी न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतो. कायद्याचा प्रश्न त्याचा, वस्तुस्थितीचा ज्युरीचा. म्हणजे ज्युरीला जे कळायचं ते न्यायाधीशाच्या तोंडून. मेहतांच्या त्या निवेदनात दोष निघाले, आणि सर्वोच्च न्यायालयालाही त्यातले काही गंभीर वाटले. कलम ८० च्या आडोशाला जायचं, तर कृती कायदेशीर होती, कायदेशीर रीतीने आणि पुरेशी काळजी घेऊन केलेली होती, हे दाखवावं लागतं. आणि पुरावा कायद्यानुसार हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. ज्युरीला हे धडपणे सांगितलंच गेलं नाही. भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन परक्याच्या बेडरूममध्ये शिरणारा माणूस 'पुरेशी काळजी' घेत होता का, हा प्रश्न त्या नऊ जणांपुढे त्या शब्दांत मांडलाच गेला नसेल, तर त्यांनी अपघात मान्य केला यात सगळा दोष त्यांचाच कसा?

न्या. नाईक यांनी दुसरा रस्ता घेतला : निवेदनातल्या दोषांवर विसंबण्याची गरज नाही, हा कौल समंजस माणसांना देताच आला नसता. दोघांचं टोक एकच आलं म्हणून हा फरक आपण विसरलो. 'अडाणी, भावनाप्रधान ज्युरी आणि शहाणा न्यायाधीश' ही फॉरवर्डची मांडणी शेलतांच्या निकालपत्रावर टिकत नाही.

'जनतेच्या हातातला न्याय'

कुठल्या जनतेच्या? नानावटीपुढे बसली ती 'खास' ज्युरी होती, म्हणजे साध्या यादीतली नव्हे. १८९८ च्या संहितेत उच्च न्यायालयाच्या खास ज्युरीची यादी करताना काय पाहायचं ते लिहून ठेवलेलं होतं : मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण. क्रम कायद्याचाच आहे, माझा नाही. गिरणगावातला जॉबर किंवा भाऊच्या धक्क्यावरची कोळीण त्या यादीत कधी गेली असेल, असं मानायला जागा नाही.

आणि ज्युरीची निवड म्हणजे काय चीज असते हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे त्याचा धडा दोनदा झाला आहे.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीत सहा युरोपीय, तीन भारतीय. कौल : सहा विरुद्ध तीन, दोषी. सहा कोण आणि तीन कोण, हे सांगायची गरज नाही. शिक्षा अठरा महिन्यांची.

१९०८ साली पुन्हा राजद्रोह, या वेळी न्या. दिनशा दावर. योगायोग असा की १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते ते हेच दावर. खटल्यापूर्वी सरकार पक्षाने खास ज्युरीसाठी अर्ज केला. टिळकांच्या बाजूने विरोध झाला, कारण खास ज्युरी म्हणजे युरोपीयांचं बहुमत हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि लेख तर 'केसरी'तले, मराठीतले. दावरांनी अर्ज मंजूर केला. खटल्याचा निकाल तिथेच लागला, असं माझं मत आहे. पुढचे आठ-दहा दिवस टिळक स्वतः उभे राहून आपली बाजू मांडत होते, भाषांतरांतल्या चुका दाखवत होते. ज्यांना दाखवत होते ते सात युरोपीय आणि दोन पारशी होते. २२ जुलैच्या रात्री कौल आला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे मंडाले. ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, असं जे टिळक त्या वेळी म्हणाले ते त्याच दालनाबाहेर आज संगमरवरात कोरलेलं आहे. हायकोर्टात येणारे लोक तिथे उभे राहून ते वाचतात. 'जनतेच्या न्याया'ची पोस्ट पाठवण्याआधी तिथे एक चक्कर मारून यायला हरकत नाही.

वंशाची ही वाटणी नुसती यादीच्या आडून चालत नव्हती, उघड कायद्यात होती. भारतीय न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा असं सुचवणाऱ्या इल्बर्ट विधेयकावर १८८३ मध्ये गोऱ्यांनी रान पेटवलं. १८८४ मध्ये तडजोड झाली ती ज्युरीवरच : गोऱ्या आरोपीला अशी ज्युरी मागता येईल, जिच्यात निम्मे तरी युरोपीय किंवा अमेरिकन असतील. या भेदाच्या तरतुदी पुसायला स्वतंत्र भारताला १९४९ साली वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे इथल्या ज्युरीच्या आयुष्याचा फार मोठा भाग हा 'आपल्या माणसाला आपली माणसं सोडवतील' या व्यवस्थेचा आहे. साठीच्या दशकात तिच्यासाठी रडायला फारसं कुणी का आलं नाही, याचं उत्तर नानावटीपेक्षा इथे जास्त सापडेल.

याचा अर्थ ज्युरी ही कल्पनाच वाईट, असा काढू नये. अमेरिकेत निवडीतला भेदभाव हाच ज्युरीवरच्या वादाचा मोठा भाग आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, बॅट्सनच्या खटल्यात, केवळ वंशावरून ज्युररला वगळायला सरकारी वकिलाला मनाई केली. तिथे हक्क होता, म्हणून निवड दुरुस्त करण्यासाठी भांडता आलं. इथे हक्कच नव्हता, त्यामुळे निवड सुधारण्यापेक्षा सगळंच बंद करणं सोपं पडलं.

'भारतातला शेवटचा ज्युरी खटला'

नाही. नानावटीनंतरही कलकत्त्यात ज्युरीपुढे फौजदारी खटले चालत राहिले, साठीच्या दशकातही. ज्युरी एका दिवसात, एका आदेशाने गेली नाही. राज्याराज्यांनी आपापल्या सोयीने अधिसूचना मागे घेतल्या, आणि शेवटी १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिच्यात ज्युरीचं प्रकरणच ठेवलेलं नव्हतं. 'आजपासून ज्युरी रद्द' असा कुठला घणाघाती कायदा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जुनं घर सोडताना एक सामान नव्या घरात न्यायचंच नाही असं ठरवावं, तसं झालं. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते परत आलेलं नाही.

आणि ज्युरी देशातून पूर्ण गेली असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयातच पारशी मुख्य विवाह न्यायालय भरतं. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याने तिथे न्यायाधीशाबरोबर पारशी समाजातले प्रतिनिधी बसतात, पूर्वी सात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. समाजाचं मत घेऊन सरकार त्यांची नेमणूक करतं. कायद्याचा मुद्दा न्यायाधीश ठरवतो, वस्तुस्थितीवर प्रतिनिधींचं बहुमत चालतं. नाव काहीही द्या, काम ज्युरीचंच आहे. फौजदारी नाही, एवढाच फरक.

नानावटी पारशीच होता, तेव्हा त्याने रिव्हॉल्व्हरऐवजी वकील गाठला असता तर प्रकरण या ज्युरीपुढे गेलं असतं, असा एक हुशार मुद्दा मध्यंतरी कुणीतरी मांडलेला वाचला. तोही चूक. त्या न्यायालयासाठी नवरा-बायको दोघंही पारशी असावे लागतात. नानावटीची पत्नी इंग्रज होती आणि त्यांचं लग्न १९४९ साली पोर्ट्समथच्या रजिस्ट्री ऑफिसात लागलेलं होतं.